करवत आपोआप फिरली

लिएक्सा, १२ फेब्रुवारी १९८६

प्रिय राउनो,

आईने विणलेले मोजे पाठवतेय. कोठडीत गारठा असेल, वापर. आई जेवते, तुझं नाव निघालं की मात्र उठून जाते.

तुला एक सांगायचंय. आमच्या कंपनीचा कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम वाचून करवतीला कळेल असा करणारा, तो चुकत होता. प्रोग्रामची शेवटची ओळ अर्धवट तुटलेली असली की त्याचा वाचणारा भाग बफरमध्ये, म्हणजे वाचलेलं तात्पुरतं साठवायच्या जागेत, ‘इथे संपलं’ ही खूण ठेवतच नव्हता. मग तो पुढे वाचत सुटायचा आणि तिथे पडून राहिलेलं आधीच्या प्रोग्रामचं शेपूटही खरं धरायचा.

त्या दिवशी त्या शेपटात होतं, ‘पातं सुरू’.

बाबा पात्यात अडकलेली साल काढत होते. करवत चालवणाऱ्या ताइस्तोने यंत्र थांबवायचाच प्रोग्राम चढवला होता, त्याची शेवटची ओळ तेवढी तुटलेली होती. तो गळा फाडून तेच सांगत होता, आणि तू बाबांच्या मयताला जमलेल्या सगळ्यांसमोर, सरपणाच्या लाकडाने त्याचा जबडा फोडलास.

मी तोच प्रोग्राम पुन्हा चढवून पाहिला. करवत आपोआप फिरली. ओंडक्याच्या चिंधड्या उडाल्या. मग मी खूण ठेवणारी ओळ घातली, पुन्हा चालवलं. पातं हललं नाही.

आमचा साहेब, हागेलबर्ग, म्हणाला, “शाब्बास. आता गप्प बस. दोष द्यायला माणूस आहे की आधीच.”

मी उकळत्या कॉफीचं भांडं त्याच्या तोंडावर फेकलं. तो किंचाळला तेव्हा मला बरं वाटलं, राउनो. मी तुझ्याहून वेगळी नाही. मग त्याच्याच फोनवरून सगळ्या लाकूडगिरण्यांना करवती बंद करायला सांगितलं.

ताइस्तोला भेटले. उजवा डोळा गेलाय, जबडा तारांनी बांधलाय. मी सगळं सांगितलं तेव्हा त्याने माझं मनगट असं आवळलं की अजून काळंनिळं आहे. त्याचे दोन्ही तळहात चिरलेत, ते तुझ्या माराने नाही. पातं फिरत असताना बाबांना त्यानेच ओढून काढलं होतं. त्याच्या हातांवरचं रक्त बघून तू त्याला खुनी म्हणालास.

तुझा वकील म्हणतो, बापाच्या खुन्याला मारलं म्हटलं तर शिक्षा कमी होईल. सोमवारी मी साक्ष देणार आहे, ताइस्तोच्या बाजूने. त्यानंतर तुला तसं म्हणता येणार नाही.

मला शिव्या घाल. कोर्टात मान मात्र खाली घालू नकोस, ताइस्तोकडे बघ.

तरीही तुझीच ताई,
तूलिक्की