पुलापलीकडची घंटा

आदरणीय दाजी,

साष्टांग नमस्कार. गुडघ्याची सूज उतरत आली असेल, अक्का तुम्हाला खुर्चीतून उठू देत नसेल आणि तुम्ही तिचं ऐकत नसाल, असं धरून लिहितो.

मंगळवारी सकाळी देवापुढे हात जोडून रोजचंच मागणं मागितलं, की आज तोंडून खोटं जाऊ नये. (पाहुण्यांना गाव दाखवणाऱ्याला हे रोज मागावंच लागतं.) मग अकरा पाहुण्यांना आमचा रिकामा मनोरा दाखवला आणि आमच्या गावची गोष्ट सांगितली: इथली घंटा धुक्याचा फायदा घेऊन पुलापलीकडच्या गावाने पळवली. एरवी पुलाच्या मध्यावर मी पाहुणे तुमच्या हवाली करून माघारी फिरतो, त्यामुळे पलीकडे गेल्यावर तुम्ही काय सांगता ते मी कधी ऐकलंच नव्हतं. या वेळी तुमचा गुडघा आडवा आला, तुमची वही माझ्या हाती आली, आणि तुमच्या मनोऱ्याखाली उभा राहून मी खड्या आवाजात वाचलं, की उपाशी शेजाऱ्यांना आम्ही धान्य दिलं, तेव्हा त्यांनीच ही घंटा आपणहून आणून दिली. (लिहिता छान हो तुम्ही. माझ्याच अंगावर काटा आला.)

पाहुण्यांत एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, सकाळचे चोर दुपारी दाते कसे झाले?"

झालं. समोरचा न्हावी वस्तरा घेऊनच बाहेर आला, मागून तोंडाला फेस लावलेलं त्याचं गिऱ्हाईक. "चोर कोण म्हणालं?" दाजी, माझी सहा महिन्यांची उमेदवारी सुरू आहे. एक तक्रार गेली, की पुन्हा घरोघरी पाण्याचे मीटर वाचत फिरायचं. चोर म्हणावं तर तुमच्याच गल्लीत तुमची मान खाली, दाते म्हणावं तर आमचं पर्यटन ऑफिस मला दारात उभं करणार नाही. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "खरं काय ते मला माहीत नाही."

"मग पगार कसला घेता?" न्हावी म्हणाला, पण लगेच स्वतःच सांगू लागला, की त्याच्या आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे घंटा दोन्ही गावांनी मिळून ओतवली होती. गिऱ्हाईक फेसातून म्हणालं, "तुझा आजोबा जन्मभर सासुरवाडीत पडलेला, त्याला काय ठाऊक?" मग काय विचारता. निम्मी गल्ली जमली, पाहुणे पायऱ्यांवर ठाण मांडून बसले. बसचा ड्रायव्हर दोनदा बोलवायला आला, तिसऱ्यांदा तोही बसला. नोकरीला लागल्यापासून मी कुणाला इतकं कान देऊन ऐकताना पाहिलं नव्हतं. शिक्षिकाबाईंनी ऑफिसच्या अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, "घंटेपेक्षा भांडण बघण्यासारखं आहे." साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि मला बसायला खुर्ची दिली.

अक्काला नमस्कार.

तुमचा मेहुणा

ता. क. यापुढे आपण दोघांनी एकाच बसमधून जावं आणि दोन्ही मनोऱ्यांखाली एकमेकांना खोडत राहावं, असं मनात आहे. अक्काला फोनवर विचारलं, ती म्हणाली, "घरी तरी दुसरं काय करतात?"

ता. क. २. तुम्ही आधी नाहीच म्हणाल, हे ठाऊक आहे. म्हणून आज सकाळीच तुमचं नाव माझ्या नावाच्या वर घालून पत्रक छापायला देऊन आलो.