तू ‘नको’ म्हणालास तेव्हा

प्रिय धाकट्या,

अक्षर वाकडं आलंय, चालवून घे. उजवा हात सांगितलेलं ऐकतो, पण उशिरा. चमचा धरता येतो, वेणी घालता येत नाही. ती तुझी बायको घालते, आणि फार घट्ट घालते.

त्या दिवशी मी कप विसळत होते. तो हातातून निसटला, उचलायला वाकले आणि जमीनच वर आली. दुखलं काही नाही. तुम्ही दोघं धावत आलात, गाडीत घातलंत. मला बोलायचं होतं, जीभ वळत नव्हती. कान मात्र शाबूत होते.

इस्पितळात ती बारीक चणीची डॉक्टर तुम्हाला समजावत होती. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलीये, मांडीतून नळी घालून ओढून काढता येईल. पण वय फार, शिरा नागमोडी, रक्तस्राव होऊ शकतो. वाचल्या तरी कदाचित अंथरुणातच राहतील. तू म्हणालास, “नको. तिला आता टोचू नका, राहू द्या.” तुझी बायको म्हणाली, “काढा.” तू भिंतीकडे बघत मान हलवलीस आणि बाहेर निघून गेलास. कागदावर सही तिने केली.

आतलं टेबल गार होतं. बऱ्याच वेळाने डॉक्टर “आली बाहेर गुठळी” म्हणाली, मग माझी बोटं हलली. नंतर तिने गुठळी दाखवली. काळपट दोऱ्याचा तुकडा जसा. जन्मभर शिवणकाम केलं, असले तुकडे रोज झाडून टाकायचे. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आता रडेल म्हणून. मला काहीच वाटलं नाही. अजून वाटत नाही. सकाळ होते, गोळ्या घेते, व्यायामाचा चेंडू दाबत बसते.

येणारे-जाणारे म्हणतात, सुनेने वाचवलं हो. मग तू फळं धुवायला उठतोस. धुतलेलीच पुन्हा धुतोस.

तुझे वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा वर्षानुवर्षं त्यांची कूस तूच बदललीस. पाठीच्या जखमाही तूच पुसल्यास. शेवटी शेवटी त्यांनी तुझ्याकडे बघणंही सोडलं होतं. तुझं ‘नको’ कुठून आलं ते मला तिथे पडल्या पडल्या कळलं. राग आला नाही. आताही नाही.

काल तपासणीला डॉक्टरने विचारलं, पुन्हा असं झालं आणि तुम्हाला बोलता आलं नाही, तर कुणाला विचारायचं? मी तुझं नाव सांगितलं. तुझी बायको शेजारीच होती. “बरं केलंत, आई,” म्हणाली, “मला पुन्हा नाही जमायचं.” हे तोंडी सांगायला गेले तर मी अडखळेन आणि तू उठून जाशील, म्हणून लिहिलं. हो म्हण, नाहीतर नको म्हण. फक्त तेव्हा माझ्याजवळ थांब.

तुझीच,
आई