तिसऱ्या रिळातला हॉर्न

हार्लन क्रॉसिंग, ओहायो
२३ ऑक्टोबर १९८३

ती. ग्वेनताईस,

सा. न. वि. वि. साष्टांग मात्र खोटा आहे, कारण दोन बरगड्या मोडल्यात आणि वाकवत नाही. उभ्या उभ्याच घे.

काल पडद्यावरची पोरगी सिंकपाशी ताटल्या पुसत होती तेव्हा मैदानातून एक हॉर्न वाजला. माझं जे काही बदललं ते त्या हॉर्नला बदललं. आता नीट सांगतो, नाहीतर तू म्हणशील, पोरगं पुन्हा शेपटाकडून बोलायला लागलं.

हॅलोविनच्या महिन्यातला चौथा शनिवार. गावानं चिठ्ठ्या टाकून निवडलेला आवडता भयपट लावायचा दिवस. यंदाही ‘विळेवाला’च निवडून आला. तुझ्या लाडक्या विहिरीतल्या बाईला मोजकी मतं पडली, त्यातलं एक माझं. आपल्या ड्राइव्ह-इनच्या पडद्यापासून मक्याच्या शेतापर्यंत गाड्याच गाड्या, सगळे गाडीत बसूनच सिनेमा बघायला सज्ज. लोक घोंगड्या, डोनट, सफरचंदाचा रस घेऊन आले होते. आपली रीत तू विसरली नसशीलच: विळेवाला आला की सगळ्या मैदानानं हॉर्न वाजवायचे, आणि जितका मोठा रक्तपात तितका लांब हॉर्न. प्रोजेक्टरच्या खोलीतल्यानं, म्हणजे यंदा मी, छपरावरचा दिवा उघडमीट करून साथ द्यायची.

तर ती पोरगी ताटल्या पुसत होती. तिसरं रीळ. विळेवाला अजून गोठ्यातसुद्धा पोचलेला नसतो. मी तो सिनेमा इतक्यांदा पाहिलाय की तिच्या टॉवेलावरची फुलं पाठ आहेत. तेवढ्यात एक लांब हॉर्न, मग दुसरा, मग तुटक तुटक. सगळे हसले. त्यांना वाटलं, सिनेमा आधी पाहिलेला कुणीतरी गडी घाईला आलाय. मग सगळ्या मैदानानं उत्तर दिलं. मीही हसलो आणि दिवा उघडमीट केला.

हॉर्न थांबेना म्हणून दुसऱ्या प्रोजेक्टरवर रीळ चढवून बाहेर आलो. वेडच्या, म्हणजे डार्लाच्या होणाऱ्या नवऱ्याच्या, गाडीबाहेर डार्ला उभी होती. ओठ फाटलेला, एका बाजूचे केस उपटलेले, कातडी दिसत होती. हातात खिडकीला अडकवतात तो लोखंडी स्पीकर, तुटलेल्या वायरीसकट. आत वेड स्टिअरिंगवर पडला होता आणि त्याच्या कानशिलातून रक्त डॅशबोर्डवर वाहत होतं. आणि ताई, लोक टाळ्या वाजवत होते. दर वर्षी मालक मुखवटा घातलेला माणूस गाड्यांमधून पळवतो ना, त्यांना वाटलं यंदा नवीन काहीतरी काढलंय. एकानं तर डार्लाच्या अंगावर मक्याच्या लाह्या फेकल्या आणि म्हणाला की पोरी, अजून एक हाण. मी त्याचे पुढचे दात पाडले. मग त्याच्या भावांनी मला लाथांखाली घेतलं. बरगड्यांची हकीकत ती एवढीच.

वेड इस्पितळात आहे, शुद्धीवर नाही. तो शुद्धीवर यायची मी वाट बघतोय. आला की बाबांची बंदूक घेऊन जाईन आणि उरलेलं काम पुरं करीन. तू नको म्हणशील म्हणून आधीच सांगून ठेवतो.

भाऊजींना नमस्कार. मोडक्या भावावर माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
लाइल


टोलेडो
२६ ऑक्टोबर १९८३

चि. लाइल यास,

अ. उ. आशीर्वाद. आशीर्वाद देताना हात डोक्यावर ठेवायचा असतो. मी समोर असते तर तोच हात आधी गालावर पडला असता.

बंदुकीला हात लावलास तर माझ्या दारात येऊ नकोस. तुला राग आला की तुझ्या तळव्यांना मेंदू फुटतो, हे मला तू रांगत होतास तेव्हापासून माहीत आहे. डार्लानं पत्रं लिहायची थांबवली म्हणून तू चालू कॉलेजातून उठून आलास. आलास तर आलास, पण आल्यावर तिचा साखरपुडा झालेला बघितलास, आणि परत जायचं सोडून तिथंच रिळं गुंडाळत बसलास, तिच्या गाडीवर दिव्याचा झोत पडेल या आशेनं. यांनी तुझं पत्र वाचलं आणि म्हणाले की पोरगं सिनेमातल्या नायकासारखं बोलतंय, आणि ‘विळेवाल्या’त नायकच सगळ्यात आधी मरतो. मी हसले नाही.

तुझ्या पत्रात एकच गोष्ट कामाची आहे आणि ती तू बंदुकीच्या गडबडीत तुडवून पुढं गेलास. ताटल्या पुसायच्या वेळी कोण हॉर्न वाजवतं? हे शेरीफला सांगितलंस का? कुणीच का सांगितलं नाही? वेडच्या शेजारच्या जागेत कुणाची गाडी होती? शेजारच्या गाडीतून तर काचेतलं सगळं दिसतं.

विहिरीतल्या बाईला मत दिलंस त्याबद्दल आभारी आहे. ती बाई कुणाला मारत नाही, नुसती हाका मारते. म्हणूनच ती गावाला कंटाळवाणी वाटत असणार.

बरगड्यांना पट्टा बांधून ठेव. उलट टपाली चार ओळी तरी टाक, आणि माझ्या शिव्यांनाच लोभ समज.

तुझी ताई,
ग्वेन


हार्लन क्रॉसिंग
२८ ऑक्टोबर १९८३

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आज विनंती कसलीच नाही, नुसतं विशेष आहे.

वेड मेला. शुद्धीवर आलाच नाही. डार्लाला कोठडीत टाकलंय. शेरीफ म्हणतो की ओठ नि केसांचं भांडण आधीच मिटलं होतं, पोरीनं मग वेडला झोपेत गाठून डोकं फोडलं, कारण मदतीला ओरडलेली कुणी ऐकली नाही. मी गेलो, टेबलावर मूठ आपटली आणि सांगितलं की अरे, गाव बहिरं झालं होतं का, तिनं हॉर्न वाजवला. तो म्हणाला की पोरा, त्या रात्री हॉर्न कुणी नाही वाजवला? मी टॉवेलावरची फुलं सांगायला लागलो तसा त्यानं मला डोळा मारला. म्हणाला की तू तिच्यावर कधीपासून मरतोस ते गावाला माहीत आहे, तुझी फुलं वकिलापुढं दोन मिनिटं टिकायची नाहीत. शेजारच्या गाडीतला कुणी आण, मग बोलू. मी त्याची खुर्ची लाथेनं उलटवली. रात्रभर मलाही आत ठेवलं.

गावाची तऱ्हा ऐक. डोनटवाली म्हणते, मी पैसे मोजत होते. धान्य दुकानवाला म्हणतो, माझा हॉर्न बिघडलाय. ज्याचे मी दात पाडले तो बोबड्या तोंडानं म्हणतो की आपण गेलोच नव्हतो. गेला नव्हतास तर दात कुठं ठेवून आलास, असं मी विचारलं.

तू शेजारच्या गाडीचं विचारलंस. ताई, तो बाबांचा ट्रक होता.

मला माहीत नव्हतं. काल जेवताना मी गाववाल्यांना शिव्या घालत होतो आणि बाबा मटण कापत होते. खाली मान घालूनच म्हणाले की त्यानं तिला केसांना धरून काचेवर आपटलं, दोनदा. मला वाटलं, आता लग्नच व्हायचंय त्यांचं, आपण कशाला मधे पडा. मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? म्हणाले, सगळ्यांनी वाजवला म्हणून मीही वाजवला. शेरीफला काय सांगितलंत? सिनेमा बघत होतो म्हणून सांगितलं, आणि तूही तेच सांगणार आहेस, कारण तू माझं अन्न खातोस.

मी त्यांना कॉलर धरून फ्रिजवर दाबलं. त्यांनी नेमक्या मोडक्या बरगडीवर गुडघा मारला. मी पडलो, आणि पडल्या पडल्या मला मटणाची सुरी दिसली. ती मी उचलली होती. नंतर ठेवली, पण उचलली होती. वेड मेल्यावर हा राग जायचा कुठं? तो आता घरातच हिंडतोय. तू लवकर लिही.

लाइल


टोलेडो
३१ ऑक्टोबर १९८३

चि. लाइल यास,

अनेक आशीर्वाद, आणि आज त्यातला एकही थट्टेचा नाही.

बाहेर पोरं मुखवटे घालून खाऊ मागत फिरतायत आणि मी दाराला कडी घालून तुला लिहितेय. सुरी ठेवलीस, बरं केलंस. आता नीट वाच.

आई गेली तेव्हा तू फार लहान होतास. संध्याकाळी स्वयंपाकघरात बाबांचा आवाज चढला की मी रेडिओ मोठा करायचे आणि तुला टेबलाखाली नाचायला लावायचे, आठवतं? नाचताना तुला फार मजा वाटायची. आई जिन्यावरून पडली असं आपण अजून सांगतो. यापुढं लिहीत नाही. तू काही आता लहान नाहीस.

बाबांना मारलंस तर शेरीफ तुझा राग लिहून घेईल, बाबांनी पाहिलेलं लिहून घेणार नाही. म्हणून हात खिशात घाल आणि जा. त्यांनी जेवताना जे सांगितलं ते शब्दाशब्दानं सांग. स्वतःचा दिवाही सांग, तो लपवलास तर बाकीचं खोटं ठरेल. घर जाईल. जाऊ दे. माझ्याकडं मागची खोली रिकामी आहे, हे तिला आतापासून तुझी खोली म्हणतात.

एक कडू गोष्ट. डार्ला सुटली म्हणजे तुझी होईल असं धरून चालू नकोस. तसं धरून जाणार असशील तर जाऊच नकोस.

वाट बघते. माया आहे तशीच आहे.

ग्वेनताई


हार्लन क्रॉसिंग, बस अड्डा
३ नोव्हेंबर १९८३

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आज थोडं वाकवलं. दुखलं, पण वाकवलं.

जबाब दिला. सगळा दिला: ताटल्या, टॉवेल, माझा दिवा, जेवणाचं टेबल, काचेवर दोनदा. हात खिशातच होते. शेरीफनं आधी लिहायचं नाकारलं. मग मी बसूनच राहिलो तसं लिहिलं. बाबांचं नाव आलं तिथं त्यानं पेन थांबवलं आणि विचारलं की बापाला गोवतोयस, कळतंय का. मी म्हटलं, कळतंय. त्यांना बोलावून घेतलं, समोर बसवलं, आणि बाबा दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा हो म्हणाले. त्यांचं झाल्यावर डोनटवालीही आली. वकील म्हणतो, खुनाचं कलम टिकणार नाही.

शेरीफनं मला डार्लाला भेटू दिलं. ओठाला टाके आहेत. मी काय काय बोलायचं ठरवून गेलो होतो, तुला ठाऊक आहे मी किती बोलतो. तिनंच आधी विचारलं की तू दिवा का लावलास. ती म्हणाली, दिवा दोनदा उघडमीट झाला तेव्हा तिला वाटलं, लाइलला कळलं, लाइल येतोय. म्हणून तिनं हॉर्नवरचा हात काढला, डोकं वाचवायला दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि वाट बघत मार खात राहिली. कुणी आलं नाही. मग पुन्हा वाजवला. तरी कुणी आलं नाही. मग तिच्या हाताला स्पीकर लागला. एवढं सांगून तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मी निघालो. तिनं मला पुन्हा हाक मारावी असं माझ्याकडं काही नाही.

खोली झाडून ठेव. भाऊजींना सांग, नायक मेला नाही, बस पकडतोय. जे काही उरलंय त्यावर लोभ ठेव.

लाइल

ता. क. घरून कसा निघालो ते राहिलं. बाबा टेबलापाशी बसले होते, समोर पोरांसाठी आणलेल्या गोळ्यांचं भांडं, कारण मी गावाशी भांडल्यामुळं यंदा हॅलोविनला आमच्या दारात एकही पोर आलं नाही. माझी पिशवी बघून म्हणाले की तुझ्या आईनं कधी कुणाला हाक मारली नाही, ती शहाणी होती. ताई, बंदूक त्यांच्या डोक्यावरच्या खुंटीला होती आणि माझा हात दोनदा वर गेला. दुसऱ्यांदा त्यांनी तो पाहिला आणि डोळे मिटून घेतले. मला आयुष्यात पहिल्यांदा ते म्हातारे दिसले. मी हात खाली घेतला आणि त्यानंच पिशवी उचलली. त्यांनी विचारलं की जेवणाचं काय. बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.