वस्तू जागेवरच आहे

बाई, आज मी कॉम्प्युटर लॅबमध्ये बटाटा घेऊन गेले. लॅबच्या दारावर 'खाण्याचे पदार्थ आत आणू नयेत' अशी पाटी आहे आणि ती मीच लावलेली आहे. शिपायाने आधी माझ्याकडे बघितलं, मग बटाट्याकडे, आणि दार उघडलं. तुम्ही असतात तर त्याला समजावलं असतंत की कापेपर्यंत तो बटाटा, कापल्यावर ठोकळा आणि तास संपल्यावर भाजी. तुमच्या घरी हाच क्रम होता.

नगरला आम्ही तुमच्या शेजारच्या गल्लीत राहायचो, म्हणून ड्रॉइंगच्या तासाच्या आदल्या संध्याकाळी मला तुमच्याकडून बोलावणं यायचं. तुमच्या टेक्निकल स्कूलमध्ये यंत्राच्या भागांची ड्रॉइंग्ज काढायला लाकडी मॉडेल्स होती, पण ती हरवतील या भीतीने कपाट कुणी उघडायचंच नाही. मग तुम्ही ओट्याशी उभ्या राहून बटाटे तासायचात. एकाला पायरी, एकाला खाच, एकाला पेनच्या टोपणाने पाडलेलं आरपार भोक. मी ते पाण्याच्या पातेल्यात सोडायची, काळे पडू नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशी तास संपला की तेच बटाटे घरी परत येऊन फोडणीला पडायचे. तुमचे मिस्टर एकदा ताटात बघून म्हणाले, "आज ब्रॅकेट आहे का बेअरिंग?" तुम्ही म्हणालात, "निमूट खा, त्याला चांगले मार्क मिळालेत." हे आठवलं की मी अजून एकटीच हसते.

तुमच्या वर्गात टेबलावर बटाटा ठेवलेला आहे आणि आम्ही सगळे हात मागे बांधून उभे आहोत. हात लावायचा नाही, हा तुमचा नियम. संध्याकाळी भाजी करायची असते म्हणून तो नियम आहे, असं मला बरेच दिवस वाटायचं. मग एकदा मी तो उचलला, बोटांत धरून फिरवून बघायला लागले, आणि तुमचा आवाज चढला. "ठेव खाली. तो हलणार नाही, तू हल. देवळात जाऊन मूर्ती फिरवतेस का? प्रदक्षिणा तूच घालतेस ना?" माझे कान लाल झाले. पण मग तुम्ही माझ्या शेजारी आलात, गुडघ्यात वाकून माझ्या उंचीला आलात आणि हळू म्हणालात, "थांब, तुला इथून काय दिसतंय ते आधी मला बघू दे." तुम्ही 'कळलं का?' असं कधी विचारल्याचं मला आठवत नाही. 'काय दिसतंय?' एवढंच विचारायचात. खालून कसं दिसतं ते दाखवायला तुम्ही दोन बाकांवर खिडकीची काच टाकलीत, तिच्यावर बटाटा ठेवलात आणि सुती साडी सावरत आम्हाला घेऊन जमिनीवर बसलात. तेवढ्यात हेडमास्तर दारात. तुम्ही खालूनच म्हणालात, "बॉटम व्ह्यू चालू आहे सर. या ना." ते आले नाहीत, पण रागावलेही नाहीत. तुमच्यापुढे सहसा कुणाचं चालायचं नाही.

आता मी संगमनेरला पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. ना ड्रॉइंग बोर्ड, ना टी-स्क्वेअर. माउसचं चाक दाबून हात हलवला की पडद्यावरची वस्तू गरागरा फिरते. म्हणजे फिरते असं वाटतं. खरं तर वस्तू जागेवरच असते, तिच्याभोवती आपली नजर फिरते. हे मी वर्षानुवर्षं समोर उभी राहून, प्रोजेक्टरने भिंतीवर मोठं करून सांगत आले. पोरं माना डोलवतात आणि मला वाटतं, समजलं. यंदा राजूरच्या पलीकडच्या वाडीतली एक मुलगी आलीय. कागदावर तिचा हात असा स्वच्छ की तिची शीट तुम्ही भिंतीला लावली असतीत. पण कॉम्प्युटरवर तिचा प्रत्येक ठोकळा कलंडलेला. मुलं हसायला लागली होती. गेल्या शुक्रवारी तास सुटल्यावर ती माझ्यापाशी आली. "मॅडम, मी सोमवारपासून येनार न्हाई. घरी सांगितलंय. माझं डोकं न्हाई यात." एकदा घरी गेली की ती परत येणार नव्हती, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी नेहमीचं सगळं पुन्हा समजावलं. तिने नेहमीसारखीच मान डोलवली.

मग माझ्या तोंडून तुमचं वाक्य निघालं. ठरवलं नव्हतं, निघालं. तिच्या उजव्या हाताला स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, "थांब, तुला काय दिसतंय ते आधी मला बघू दे." तिने ठोकळा काढला, अगदी बरोबर. बाजूने बघायला चाक दाबलं, नजर फिरवली, ठोकळा तिरका दिसला. लगेच तिने वस्तू फिरवण्याची कमांड घेतली आणि तो सरळ केला. पुन्हा नजर फिरवली, पुन्हा सरळ केला. मी विचारलं, "हे काय करतेस?" ती म्हणाली, "पडला ना मॅडम. मी बघाया गेले की पडतोच. मग उभा करते. लई येळा केला, तरी पडतो." बाई, ही पोरगी सत्राच्या सुरुवातीपासून न पडलेली वस्तू उचलून उभी करत होती, आणि त्या उचलण्यानेच ती खरोखर कलंडत होती. मला समोरून फक्त शेवटचा वाकडा ठोकळा दिसायचा. मी तिला म्हटलं, सोमवारी एकच तास ये, मग खुशाल जा.

ती येईल का, या काळजीने माझा रविवार खराब गेला. आज ती आली, मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. मी बटाट्याला पायरी तासली, टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना हात मागे बांधून फिरायला लावलं. आधी खिदळले, मग वाकून एकेक बाजू बघायला लागले. ती टेबलाला वळसा घालून परत आली तेव्हा मी विचारलं, "पडला का?" "न्हाई." "मग हललं काय?" तिने बटाट्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. "मीच की." तिने जाऊन मशीन लावलं, चाक दाबलं आणि नजर पार ठोकळ्याच्या खाली नेली. पडद्यावर तो चांगलाच उलटापालटा दिसत होता. तिचा हात सवयीने कमांडकडे गेला, थांबला, आणि तिने तो मांडीवर ठेवला. शेजारणीला म्हणाली, "आसू दे. जागंवरच हाय त्यो." जाताना दारात मला विचारलं, "उद्या पन आनताल का बटाटा?"

संध्याकाळी भाजी फोडणीला टाकली आणि हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र कुठं टाकणार? कपाटातच राहील. माझा तुमच्यावर फार जीव होता, ते तुम्ही असताना बोलले नाही. आणि एक कबूल करते. लिहिताना तुमचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला गेले, तर डावा कान आठवला, त्यातली कुडी, चष्म्याची काडी, गालाला लागलेला खडू. समोरून तुम्ही मला दिसतच नाही, बाई. तुम्ही कायम माझ्या उजव्या हाताला, मी बघतेय तिकडेच बघत.