सोफ्याच्या पोटातली गाठ

ती. अक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर वाकत नाही, मनातून वाकलो आहे.) तुझे गुडघे बरे असतील, नसले तरी बरे आहेत असंच कळव, मला हल्ली वाईट बातमी सोसत नाही.

माझ्या स्वादुपिंडाला कॅन्सरची गाठ झाली आणि ती काढायची, इथवर तुला कळलंच आहे. (एवढ्या वर्षांत या अवयवाने कधी ओळख दाखवली नव्हती, आणि दाखवली ती अशी.) आता डॉक्टरीणबाई विचारतात, पोट उघडून काढू की लहान भोकं पाडून दुर्बिणीने? म्हणतात, दोन्हीकडे काढायचं ते तेवढंच. दुर्बिणीने जखमा लहान, माणूस बहुधा लवकर घरी जातो. पण अक्का, मी जन्मभर सोफ्यांना कापडं चढवली. उसवल्याशिवाय आतलं काही कळत नाही, एवढंच माझं शिक्षण. म्हटलं, आधी घरच्या सोफ्यावर करून बघू.

हिच्या लोकरीचा गुंडा सोफ्याच्या पोटात कोंबला, वरून टाके घातले आणि बाजूला भोकं पाडली. जावईबापूंना टॉर्च धरायला उभं केलं. (त्यांनी तो सगळा वेळ माझ्याच डोळ्यांत धरला.) पहिल्या भोकात चिमटा घातला, तर स्प्रिंग सुटून माझा चष्मा उडाला. दुसऱ्यातून टीव्हीचा हरवलेला रिमोट निघाला, तेव्हा आम्ही सासरे-जावई इतके हरखलो की गाठ राहिली बाजूलाच, बातम्या बघत बसलो. शेवटी ही आली, "पेशंट गेला वाटतं?" म्हणाली, आणि कात्रीने सोफा उभा चिरून गुंडा माझ्या हातात ठेवला.

हे सगळं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या पोट धरून हसल्या. (त्यांचं पोट शाबूत आहे.) म्हणाल्या, "काका, आमच्याकडे आत कॅमेरा असतो, बाहेर जावई नसतो. आणि अडलंच, तर आम्हीही उघडतो." दुर्बीण ठरली. सोमवारी.

तुझा भित्रा भाऊ

ता. क. मी घाबरलेलो नाही. वर 'भित्रा' सवयीने लिहिलं गेलं.

आणखी एक ता. क. खरं काम हे. हिने सोफा शिवायला परस्पर दुसरा कारागीर बोलावलाय. तू सोमवारच्या आत ये आणि त्याला दारातूनच परत पाठव. सोफा उघडाच राहू दे, तू खुर्चीवर बस. घरी आल्यावर तो मीच शिवणार आहे. तसा शब्द दिलाय मी सोफ्याला.