काका मडकं लावून वाट बघतात

रोहा,
१६ डिसेंबर २०२४

ती. विमलमावशीस,
सुरभीचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा थंडीत बोलतो, पण ती त्याच्यापेक्षा जास्त बोलते. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, त्यामुळे आपलं हे पत्रांचंच बरं.

माझ्या ब्लॉगचं विचारलंस. खोटं कशाला सांगू, रडतखडत चाललाय. खाडीकाठच्या खारपाटातलं खाणंपिणं, आपल्याकडच्या रीती, सगळं मनापासून लिहिते आणि वाचतं कोण, तर आई, माझ्या दोन मैत्रिणी आणि छापून पाठवते म्हणून तू. बाबा म्हणतात, उन्हाळ्यापर्यंत बघ, नाहीतर कंपनीत अर्ज टाक. रोज सकाळी उघडून आकडा बघते आणि पुन्हा बंद करते.

आता एक रस्ता दिसलाय. पुण्याच्या नमिताताईंचा खाण्यापिण्याचा मोठा ब्लॉग आहे, हजारो लोक वाचतात. त्या बाहेरच्यांचा लेख पाहुणा म्हणून छापतात आणि खाली आपलं नाव नि आपल्या ब्लॉगचा पत्ता देतात. लेख आवडला तर त्यांचे वाचक आपल्याकडे येतात. त्यांनी मला विचारलंय. मी आपल्या पोपटीवर लिहितेय, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांवर. जमेल ना गं? दोनदा लिहून फाडलं.

तब्येत जप. आहे तो लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
सुरभी


कासू, ता. पेण,
२१ डिसेंबर २०२४

चि. सुरभीस,
विमलमावशीचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझा तो पाहुणा लेख मला बरोबर कळला हाय. दुसऱ्याच्या ओटीवर बसून आपली गोष्ट सांगायची आणि उठताना आपल्या घराची वाट दाखवायची. आमच्या गावात तुझी जनूकाकी जल्मभर हेच करत आली, तिला कुणी पैसा दिला नाय. जा तू. पण पाहुणी म्हणून जातेस तर रिकाम्या हाताने जाऊ नको, घरातलं चांगलं असेल ते ने.

इकडे वाल यंदा भरून आलेत. शेंगा हाताला टच्च लागतात. बांधावर मडक्यात घालायचा भांबुर्ड्याचा पालाही गुडघ्याएवढा हाय. पण मडकं माळ्यावरून काढलेलं नाय. तुझे काका भाताच्या लावणीत गेले, अजून वर्ष व्हायचंय, आणि काढून तरी करू काय. आमची वाटणी ठरलेली होती. शेंगा, मीठ, ओवा भरायचं काम माझं, मडकं उलटं लावून जाळ करायचं त्यांचं. शेजारची जनी, म्हणजे तुझी जनूकाकीच, म्हणते, मुलाबाळांसाठी लाव. मुलंबाळं हायत कुठे.

लेख छापला की पाठव. तू बाराव्याला आलेलीस, त्यानंतर तोंड दाखवलं नायस, ते लक्षात हाय माझ्या.

आईस नमस्कार. माया आहे तेवढीच आहे, तू येऊन वाढव.

विमलमावशी


रोहा,
२ जानेवारी २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सोबत लेख छापून पाठवतेय. आधी पत्र वाच, मग लेख.

लेख खूप चालला. माझ्या ब्लॉगवर एका दिवसात इतके लोक आले की मला वाटलं काहीतरी बिघडलंय. बाबांनी शेजारी सांगितलं. दोन दिवस मी हवेत होते आणि तिसऱ्या दिवसापासून झोप नाही.

मावशी, लेखात मी काकांना जसे होते तसंच लिहिलंय. ते पेंढा रचतात, ते मडक्यावर पाण्याचा हबका मारतात, चर्र वाजलं की मान हलवतात. गेले असं लिहायला हातच वळेना. आणि शेवटी आपण जसं कुणालाही म्हणतो तसं लिहून टाकलं, की या एकदा आमच्या कासूला, काका मडकं लावून वाट बघत असतात. आपल्याकडे हे बोलायचंच असतं गं, कोण लगेच उठून येतंय? पण पुण्या-मुंबईच्या लोकांनी ते खरं धरलं. एका गटाने कळवलंय की १२ तारखेच्या रविवारी येतो. स्टेशनचं नाव मीच दिलं होतं, चिंचेजवळचं घरही.

मी नमिताताईंना ते वाक्य काढा म्हटलं. त्या म्हणाल्या, त्याच वाक्यामुळे लोक लेख एकमेकांना पाठवतायत, आणि त्यांच्याकडे छापलेला लेख बदलत नाहीत. फारच वाटत असेल तर सगळा लेख काढू, म्हणजे माझं नाव आणि पत्ताही जाणार. आत्ता कुठे लोक यायला लागलेत. काय करू? तू काढ म्हणालीस तर काढायला सांगते. रागावू नकोस, किंवा रागाव, पण उत्तर दे.

सुरभी


कासू,
६ जानेवारी २०२५

चि. सुरभीस,
अ. उ. आ.

मी लेख आधी वाचला, पत्र मागून. तू सांगितलंस त्याच्या उलट. वाचता वाचता मी खरंच मागल्या दाराकडे बघितलं गो. मग चूल विझली ती पुन्हा पेटवायला लागली. रागावले नाय. दोन वेळा रडले, तेवढंच.

लेख काढू नको. माणसांना या म्हटलंस, आता नको कसं म्हणायचं? या घरातून पाहुणा कधी परत गेला नाय. वर्षाच्या आत पोपटी लावली म्हणून गाव बोलेल, ते मी बघून घेईन.

माझी काळजी निराळी हाय. मडकं मी भरीन, उलटंही लावीन, पेंढा जनी आणून देईल. पण शिजलं की नाय हे काका कानाने ओळखायचे, तूच लिहिलंयस. पाणी मारलं की चर्र वाजतं ते मला ऐकू येत नाय. जाळ मोठा असला की वाफही दिसत नाय. जनीला सांगावं तर ती त्या दिवशी माहेरी पेणला, भाचीच्या साखरपुड्याला. चार अनोळखी माणसांना मी बहिरी हाय हे कसं सांगू? मनाला रुखरुख लागून राहिलीय.

म्हणून तू शनिवारीच ये. दुपारच्या गाडीने आलीस तर उजेडात भांबुर्डा काढून होईल. बाकी काही करू नको, कान तेवढे घेऊन ये.

वाट बघतेय. आशीर्वाद आहेतच.

विमलमावशी


रोहा,
८ जानेवारी २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आजच आलं, आजच लिहितेय. मावशी, मला या शनिवारी येणं जमत नाही. आणखी एका मोठ्या ब्लॉगने पाहुणा लेख मागितलाय आणि तो रविवारी संध्याकाळपर्यंत द्यायचाय. लोकांचं लक्ष आहे तोवरच हे होतं, नंतर कोण विचारतं? संक्रांत झाली की नक्की येते.

तू फार काळजी करू नकोस. जाळ नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ ठेव. आणि एक विनंती आहे. त्यांनी काकांना विचारलं तर ते पेणला गेलेत असं सांग. दिवसभराचा प्रश्न आहे. नाहीतर मी सगळ्यांसमोर खोटी पडेन.

माझ्यावर माया असू दे.

सुरभी


कासू,
१३ जानेवारी २०२५

चि. सुरभीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी दुपारी हातात पडलं. मी गाडीच्या वेळेला ओटीवर येऊन बसले होते, तिथेच पोस्टमनने दिलं.

रविवारी पाहुणे आले. दोन गाड्या भरून. माणसं चांगली होती, पायातलं बाहेर काढून आत आली, एकीने तर माझ्याबरोबर शेंगा भरल्या. बसल्याबसल्या तिने काका कुठे म्हणून विचारलं. ती तोंडासमोर बसून विचारत होती, त्यामुळे मला कळलं. पेणला गेलेत असं तोंडात आलं होतं, पण निघालं नाय. या घरातून त्यांना मी एकदाच जाताना बघितलंय, दुसऱ्यांदा नाय धाडवलं. ते पावसाळ्यात वारले म्हणून सांगितलं. पोरीने माझा हात धरला तो जेवणं होईस्तोवर सोडला नाय.

पोपटी कच्ची राहिली. पाण्याचा हबका मारला, काही कळलं नाय, विचारायची लाज वाटली, आणि मडकं उघडलं. शेंगा दाताखाली करकरत होत्या. सगळ्यांनी छान छान म्हणून खाल्ल्या. त्यांनी नावं ठेवली असती तर बरं झालं असतं. इतक्या वर्षांत या बांधावर कच्चं कुणी खाल्लं नव्हतं.

निघताना त्यांनी विचारलं, लेख लिहिणारी कुठे हाय, तिला भेटायचं होतं. मी सांगितलं, ती पेणला गेलीय.

आणखी एक टोळी २६ ला येते म्हणतात. वरच्या बांधाचे वाल मी तोडलेले नायत.

विमलमावशी


रोहा,
१७ जानेवारी २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

काका गेल्याचं काल माझ्या ब्लॉगवर लिहिलं. नमिताताईंनाही कळवलं, त्यांना लेख काढायचा असेल तर काढू देत. दुसरा लेख मी दिलाच नाही. त्या रविवारी दिवसभर कागदासमोर बसले होते, एक ओळ झाली नाही. न येण्याचं खरं कारण लेख नव्हता. काका नसलेलं घर बघायची मला भीती वाटत होती.

पेणला गेलेली तुझी भाची २५ तारखेला, शनिवारी दुपारच्या गाडीने परत येतेय. भांबुर्डा मी काढीन. रविवारी पाणी तू मार, मी मडक्याजवळ बसते.

तुझी,
सुरभी