दोन घंट्या अन् आडवं वारं

नायगाव, मंगळवार

सरजाबाईस दादाचा जयभीम.

तब्येत कशी हाय ते कळव. गुडघा, कंबर, मान, सगळंच दुखत असंल तर ‘सगळं’ असं एकदाच लिही, यादी नको. मी बरा हाय. फोन केला की तू मधीच रडायला लागतीस अन् माझं अर्धं बोलणं ऱ्हाऊन जातं, म्हणून पत्र लिहून राहिलो. औशाला पोचंस्तवर तुझं रडणं आटपलेलं असंल.

तू म्हणालीस, दादा, माझ्या नातीच्या विमानात एकदा बसून ये, अन् तू नोकरी सोड म्हणलास तर समीक्षा सोडंल. पोरगी बी तेच म्हणली, मामाआजोबा सांगतील ते फायनल. (तुम्हा दोघींच्या भांडणात मला जज कुणी केलं कुणास ठाऊक.) म्हणून परवा पुण्याहून नांदेडला तिच्याच विमानात बसलो. ती पुढं दाराआड, मल्लिनाथ कॅप्टनच्या शेजारी. हे उदगीरकडचे, लई जुने पायलट.

नांदेड येईस्तवर झ्याक आलो. मग वारं सुटलं. विमानाचं तोंड एकीकडं अन् जाणं दुसरीकडं. शेजारी देगलूरच्या गंगम्माबाई होत्या, त्यांनी माझा हात आवळून धरला (मी सोडवला न्हाई, त्यांना बरं वाटावं म्हणून). जमीन अगदी जवळ आली अन् असा झोका बसला की मला वाटलं, आता थांबवलेलं बरं. डोक्यावर एक बटन होतं ते दाबलं. टिंग वाजलं. तीस वर्षं एस्टीत कंडक्टरकी केली मी, एक घंटी म्हणजे थांब अन् दोन म्हणजे चल, हे मला कुणी सांगाया नको. एकच मारली होती. पर दुसरा हिसका बसला, बोट पुन्हा बटनावर पडलं अन् दोन झाल्या. सरजे, विमान बोंबलत परत वर गेलं.

पुढली वीस मिन्टं मी कुणाच्या तोंडाकडं बघितलं न्हाई. लोक पायलटला नावं ठेवून राहिलेले, अन् गुन्हेगार खिडकीपाशी गप बसलेला. दुसऱ्या खेपेला विमान असं टेकलं की कळलं बी न्हाई.

वारं पडंस्तवर परतीचं विमान थांबवलं होतं, म्हणून दोघं पायलट बाहेर येऊन चहा पिऊन राहिले होते. मी कबुली द्यायला गेलो, पर त्यांचंच बोलणं चालू होतं. वारं आडवं असलं की विमान तिरपं आणतेत म्हणे, पुराच्या पाण्यात नाव तिरपी घालावी तसं. टेकायच्या टायमाला पायानं तोंड सरळ करायचं. लवकर केलं तर वारं बाजूला लोटतंय, उशीर केला तर चाकाला मार बसतोय. (मधी आकडे लई होते, ते मी सोडून दिले.) तेवढ्यात एक टायवाला प्रवासी येऊन कॅप्टनला म्हणला, आज काय हात बसला न्हाई वाटतं साहेब.

समीक्षाच बोलली, “त्यांचा न्हाई, माझा हात होता. मीच वर उचललं.”

तो गेल्यावर कॅप्टन म्हणले, “मी असतो तर टेकवलं असतं बघ.”

“मला बी जमलं असतं, सर. बहुतेक. पर बहुतेकवर एवढी माणसं कशाला टेकवायची? तेल होतं, वर जागा होती.”

कॅप्टननी चहा संपवला. म्हणले, “खरं हाय. मला हे कळायला दहा वर्षं गेली.”

मग मी माझ्या दोन घंट्यांचं सांगितलं. दोघं इतके हसले की मला राग आला. ते बटन पाणी मागायचं असतं म्हणे. तसं लिहून ठेवायला काय झालतं?

सरजे, उशीर झाला म्हणून शिव्या खाईन पर गाडी जपून आणीन, असे ड्रायव्हर मी तीस वर्षांत दोनचारच बघितले. तुझी नात त्यातली हाय. मी तिला सोड म्हणलो न्हाई, म्हणणार बी न्हाई. आता रडायचं असंल तर खुशाल रड.

तुझा दादा,
नरसिंग

ता.क. रविवारी तिचं विमान नांदेडहून पुण्याला निघतंय. तुझं तिकीट काढलंय, खिडकीचं. आजी येती म्हणून पोरीला सांगून बसलोय, मला तोंडघशी पाडू नको.

आणखी एक. मी पुण्याला एस्टीनं येतो, आदल्या दिवशीच निघीन. भ्यालो म्हणून न्हाई. पंच्याहत्तरीमुळं एस्टी मला फुकट हाय.